बाबांना शुक्रवारी घरी आणायचंय: मावशी, ब्युरो आणि महिन्याचा खर्च (पुणे)

रानजाई (सोमवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

बाबा ८२ वर्षांचे. आई-बाबा सहकारनगरला राहतात. या महिन्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे आणि बोलणं जवळजवळ बंद आहे. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. नाकातून नळी आहे, लघवीची पिशवी आहे. शुक्रवारी डिस्चार्ज देणार म्हणालेत. आई ७६ ची, तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी सिंहगड रोडला, नोकरी करते, लेक यंदा दहावीला. भाऊ टोरांटोला.

हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर एका ब्युरोचं (घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्यांचं) कार्ड दिलं. फोन केला तर चोवीस तासांच्या माणसाचे महिन्याला २६ हजार, एक महिन्याचे आगाऊ, वर डिपॉझिट. कोण येणार, शिकलेलं किती, असं विचारलं तर "मॅडम, सकाळी माणूस दारात असेल, काळजी करू नका." काळजी त्यामुळेच वाटायला लागली.

नर्स हवी की मावशी चालेल? बारा तास की चोवीस? मेडिक्लेममधून यातलं काही मिळतं का? टॅक्समध्ये? आणि बाबांचं वजन ७४ किलो आहे, तर मावशींना झेपेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

पेठकर (मंगळवार, सकाळी ६.५०)

डिस्चार्ज शुक्रवारी आणि धागा सोमवारी, म्हणजे आपण बऱ्यापैकी शहाण्या आहात. बहुतेक लोक ॲम्ब्युलन्समध्ये बसून विचारतात.

काउंटरवर कार्ड मिळालं म्हणून तो ब्युरो हॉस्पिटलचा होत नाही. कार्ड ठेवणारा आणि कार्डवाला यांचं काय ते त्यांचं त्यांना माहीत. ब्युरोची नावं आणि नंबर इथे उघड टाकू नका, व्यक्तिगत संदेशातून द्या-घ्या. गेल्या वेळी एका धाग्यावर ब्युरोवालेच सभासद होऊन स्वतःची स्तुती करत बसले होते.

ओवी (मंगळवार, सकाळी ९.१५)

रानजाई, आधी नर्स आणि मावशी यांच्यातला फरक समजून घे, अर्धे पैसे तिथेच वाचतात.

एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली ती सिस्टर. तिची परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक मागायला अजिबात संकोच करू नकोस. इंजेक्शन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं ही कामं तिची. बाकी मावशी, दादा, आया, वॉर्डबॉय, ब्युरोच्या भाषेत अटेंडंट, म्हणजे अंघोळ, डायपर, कूस बदलणं, भरवणं, फिरवणं. यातल्या काहींनी चार-सहा महिन्यांचा कोर्स केलेला असतो, पुष्कळजणी कामावरच शिकलेल्या असतात आणि त्यात काही अफाट चांगल्या निघतात.

नळीतून भरवायला रोज सिस्टर लागत नाही. शिकलेली मावशी करते. नळी बदलायला आणि कॅथेटर बदलायला तेवढ्यापुरती सिस्टर घरी बोलवायची, व्हिजिटचे पैसे द्यायचे. ब्युरो "ट्यूब आहे म्हणजे नर्सच घ्यावी लागेल" म्हणतात, कारण नर्सचा दर जवळजवळ दुप्पट. मात्र घशात छिद्र (ट्रॅकिओस्टॉमी) असेल, सतत सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) लागत असेल, तर मग खरंच सिस्टर हवी. तिथे काटकसर नको.

आम्हाला कर्वेनगर-कोथरूड भागात विचारल्यावर मिळालेले दर: बारा तासांच्या मावशी दिवसाला ७०० ते ९००, चोवीस तासांच्या महिन्याला २२ ते २८ हजार. दादा याहून महाग, आणि मिळतात कमी.

फिजिओ_बिबवेवाडी (मंगळवार, दुपारी १.३०)

७४ किलो आणि एक बाजू पूर्ण लुळी असेल तर मावशी एकट्या उचलू शकत नाहीत. उचलायचंही नसतं. मी घरोघरी जाते, निम्म्या मावशींच्या कमरा अशा उचलण्यानेच गेलेल्या दिसतात. दादा बघा. मावशीच मिळाल्या तर पेशंटखाली आडवी दुहेरी चादर (खांद्यापासून मांडीपर्यंत) घालून ठेवा. कूस बदलायची म्हणजे माणसाला ओढायचं नाही, चादर ओढायची. दोघींनी दोन बाजूंनी धरली की सरकतं.

शुक्रवारच्या आत वॉर्डमधल्या सिस्टरकडून या गोष्टी स्वतःच्या हाताने करून घ्या. नुसतं बघू नका.

भरवताना पाठ किमान ३० ते ४५ अंश वर हवी, आणि भरवून झाल्यावर अर्धा ते एक तास तशीच. लगेच आडवं केलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. झटक्यानंतर परत ॲडमिट होणाऱ्यांमध्ये हे कारण मी फार बघते. भरवून झालं की नळीतून साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. व्हीलचेअरवर बसवताना लोक ती प्रेमाने मांडीवर ठेवतात.

कूस दर दोन तासांनी. एअर बेड घेतला म्हणून हे चुकत नाही. माकडहाड, टाचा, घोटे, कानाची पाळी रोज उजेडात बघायचं. कातडी लाल दिसली तर तिथे चोळायचं नाही आणि पावडर थापायची नाही, त्या बाजूवरचं वजन काढायचं. मधे भोक असलेली रबरी रिंग कोणी सांगेल, आणू नका.

आणि लुळा हात धरून, बगलेत हात घालून ओढून बसवायचं नाही. खांदा निखळतो. हे मावशींना पहिल्याच दिवशी सांगा, दुसऱ्या दिवशी परत सांगा.

नळी किती दिवस ठेवायची हे विचारलंत का? गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. बरेचजण महिनोन् महिने नळीवर राहतात, कारण तपासणी करून घ्यायचं कोणाला सुचतच नाही. बोलणं आणि गिळणं, दोन्हीसाठी त्याच व्यक्तीकडे जायचंय.

रानजाई (मंगळवार, दुपारी ३.०५)

फिजिओताई, किती आभार मानू. चादरीचं आजच वॉर्डमध्ये करून बघितलं. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं? स्पीच थेरपिस्टचं नाव डिस्चार्जच्या कागदावर टाकायला सांगितलंय.

बारा की चोवीस हे अजून ठरत नाहीये. भाऊ म्हणतो, चोवीस तास घे, स्वस्त पडतं.

निख्या_हडपसर (मंगळवार, संध्याकाळी ७.२०)

कागदावर स्वस्त पडतं. चोवीस तासांचा माणूस चोवीस तास जागा नसतो. दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्रीत चार-पाच वेळा उठणं आलं. तोच माणूस दिवसा अंघोळ घालणार, भरवणार, व्यायाम घेणार. आठवड्यात त्याचे डोळे मिटायला लागतात आणि मग आपण म्हणतो, झोपाच काढतो. कूस बदलायची गरज असेतो दोन पाळ्या घ्या. पेशंट सावरला, रात्री एकदाच उठावं लागतंय अशी वेळ आली की मग चोवीस तासांचा ठेवा.

ब्युरोला विचारायचे ते प्रश्न, मी माझ्या आईच्या वेळी कागदावर लिहूनच बसलो होतो. आगाऊ पैसे आणि डिपॉझिट परत कधी आणि कसे, पेशंट परत ॲडमिट झाला तर त्या दिवसांचे पैसे कापणार की घेणार, माणूस न सांगता गेला तर बदली किती तासांत, बदलीच्या माणसाला काम येत नसेल तर कितीदा बदलून देणार, आणि आपण माणूस परस्पर ठेवला तर दंड किती. हा शेवटचा मुद्दा बहुतेक करारात बारीक अक्षरात असतो, काहीजण दोन महिन्यांचं कमिशन लावतात. पावती पक्की मागा, पैसे बँकेतून द्या. टॅक्ससाठी लागेल, भांडणात तर लागेलच.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न: तुम्ही देणार २६ हजार, त्यातले त्या माणसाच्या हातात किती पडणार? ब्युरोवाला सांगायला कां-कूं करेल. मग येणाऱ्या माणसालाच विचारा. १९-२० पडत असतील तर तो टिकेल. १४ पडत असतील तर कुठल्या तरी सकाळी फोन बंद लागणार हे धरून चाला. माझ्या अनुभवात दर कमी-जास्त असण्याने काही बिघडलं नाही, मधला वाटा जास्त होता तिथे माणसं टिकली नाहीत.

वारजेची_मावशी (मंगळवार, रात्री १०.१०)

मी हेच काम करते. हा धागा माझ्या मुलीने दाखवला, बरं वाटलं म्हणून लिहिते.

निखिल दादा बोलले ते खरं आहे. घरून २५ देतात आणि मला १६ मिळायचे. पहिल्या महिन्यातले अर्धे ब्युरोवाला ठेवून घेतो, काम सोडून जाऊ नये म्हणून. ते नंतर मिळतातच असं नाही. आता ज्या ब्युरोत आहे तो बरा आहे, तो पंधरा दिवसाला पैसे खात्यावर टाकतो.

आम्ही घर सोडतो ते पेशंटमुळे नाही सोडत. पेशंट चिडतात, मारतात पण, त्याचं काही वाटत नाही, ते आजारी आहेत. घरची माणसं कशी आहेत ते बघून सोडतो. एका घरी मला जेवण देत नव्हते, डबा आण म्हणाले, आणि चोवीस तासाचं काम. चोवीस तासाचा डबा कुठून आणू? एका घरी झोपायला बाल्कनी, पावसाळा होता. एका घरी पेशंटच्या खोलीत कॅमेरा होता, त्याबद्दल काही नाही, पण मी साडी पण तिथेच बदलायची का? सांगायचं ना निदान.

पेशंटचं काम सोडून स्वयंपाक, भांडी, नातवाला शाळेच्या बसला सोडणं हे हळूहळू वाढत जातं. पहिल्यांदाच ठरवा काय करायचं आणि काय नाही. मी पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली करते. घरात अडचण असली तर बाकी पण करते, पण ते मी मनाने करते.

महिन्याला दोन सुट्ट्या द्या. आणि ताई, तुमच्या बाबांना बोलता येत नाही ना, तर त्यांच्यासमोर आम्हाला पेशंट पेशंट म्हणू देऊ नका. त्यांना काय म्हणतात ते सांगा. अण्णा, आप्पा, काय असेल ते.

ओवी (मंगळवार, रात्री १०.३०)

मावशी, लिहीत जा इथे. खरंच.

शांताराम_स (बुधवार, सकाळी ८.००)

सगळं वाचलं. आमच्याकडे स्वयंपाकघर सोवळ्याचं नसलं तरी आईला चालत नाही, तेव्हा आपल्यातलीच बाई मिळेल असा ब्युरो कोणाला माहीत असल्यास कळवावे. शाकाहारी असणे आवश्यक.

पेठकर (बुधवार, सकाळी ८.०५)

शांतारामपंत, शाकाहारी जेवण आपल्या घरात शिजतं, ते मावशी काय घेऊन येणार नाहीत. बाकीच्या अटीचं म्हणाल तर, आईची शी-शू काढायला जी बाई तयार होते तिची जात विचारणारे आपण कोण? काल रात्रीची वारजेच्या मावशींची पोस्ट वाचलीत ना? त्याच्याच खाली हे लिहिलंत.

निख्या_हडपसर (बुधवार, सकाळी ८.२०)

पेठकरांना अनुमोदन, आणि ते फार क्वचित होतं.

शांताराम_स (बुधवार, सकाळी ९.४०)

आईची समजूत घालणं अवघड आहे एवढंच म्हणायचं होतं. असो.

वजाबाकी (बुधवार, सकाळी ११.३०)

मेडिक्लेम आणि टॅक्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मी सीए नाही, पण आईचं सगळं मीच भरतो.

मेडिक्लेम: अटेंडंटचे पैसे, खासगी नर्सचे पैसे, डायपर हे सगळं विमा कंपन्यांच्या "न देय" यादीत असतं. पॉलिसीत "डोमिसिलियरी" शब्द दिसला की लोक हुरळतात. ते हॉस्पिटलात घ्यावे लागले असते असे उपचार, पेशंटला हलवता येत नाही किंवा बेड नाही म्हणून घरी घेतले, तर त्यासाठी आहे. घरची देखभाल त्यात बसत नाही. मात्र डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या, डॉक्टरांच्या फिया पॉलिसीत दिलेल्या मुदतीपर्यंत (६० किंवा ९० दिवस असते बहुधा) मिळतात. फिजिओथेरपी डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर क्लेममध्ये घालून बघा.

७० च्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. काढून ठेवा, पण तेही हॉस्पिटलात भरती होण्यापुरतं. मावशींचा पगार त्यातून निघत नाही.

टॅक्स, फक्त जुनी करप्रणाली घेणाऱ्यांसाठी, नवीत यातलं काही नाही. कलमं १९६१ च्या कायद्यातली सांगतोय. ८०डी मध्ये ज्येष्ठ नागरिकाचा मेडिक्लेम नसेल तर औषधोपचाराचा खर्च ५० हजारांपर्यंत दाखवता येतो, मुलांनी केला तरी, पण रोखीने केलेला नको. ८०डीडीबी ठरावीक आजारांसाठी, ज्येष्ठांना १ लाखापर्यंत. डिमेन्शिया आणि पार्किन्सन्स त्यात आहेत हे बऱ्याचजणांना माहीत असतं. अफेझिया, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा जाणं, हेही त्याच यादीत आहे हे माहीत नसतं. रानजाई, तुमच्या बाबांना हेच दिसतंय. अपंगत्व किमान ४० टक्के असावं लागतं आणि न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. डिस्चार्जच्या कागदावर तो शब्द लिहून घ्या.

तिसरं ८०डीडी. अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी, ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख. खर्च किती केला याचा हिशोब इथे लागत नाही, ठरलेली रक्कम मिळते, आणि कायद्याच्या वाक्यातच शुश्रूषेचा उल्लेख आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात. अर्ज यूडीआयडीच्या (अपंगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर आधी भरायचा.

आता मेख. या दोन्ही कलमांत माणूस तुमच्यावर "अवलंबून" असावा लागतो. बाबांची स्वतःची चांगली पेन्शन असेल तर तिथे अडतं. मग बाबांनी स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०यू (स्वतःच्या अपंगत्वासाठीची वजावट) घ्यावं, रक्कम तीच. दोघांनी घ्यायचं नाही. शेवटचं तुमच्या सीएला विचारा.

रानजाई (बुधवार, दुपारी २.१५)

वजाबाकी, तुम्ही बेरीज केलीत माझ्यासाठी. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेत, केंद्राची पेन्शन आहे. म्हणजे ८०यू बघते.

वजाबाकी (बुधवार, दुपारी २.४०)

केंद्राची पेन्शन असेल तर आणखी एक तपासा. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. बँकेने आपणहून सुरू करायची असते, पण जन्मतारखेच्या घोळाने राहून गेलेली मी बघितली आहे. पासबुक काढून बघा. राहिली असेल तर थकबाकीसकट मिळते.

आणि हयातीचा दाखला. ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. बाबा बँकेत जाऊ शकणार नाहीत, तर मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, किंवा पोस्टमनला घरी बोलवा, ७० रुपये. नोव्हेंबर चुकला तर पेन्शन थांबते आणि मावशींचा पगार त्याच्यावर अवलंबून.

टोरांटो_व्हाया_टिळक_रोड (बुधवार, रात्री ९.५०)

रानजाईच्या भावाच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो. आम्ही परदेशातले "पैसे मी पाठवतो" म्हणतो आणि आपली जबाबदारी संपली असं आम्हाला वाटतं. इकडे बहीण ब्युरोशी भांडते, सोसायटीच्या गेटवर माणसाचा पास काढते, आणि वर मला व्हॉट्सॲपवर हिशोब पाठवते, जणू माझी कारकून. माझ्या बहिणीने शेवटी सुनावलं तेव्हा कळलं.

उपाय सोपा निघाला. आई आणि बहीण यांचं संयुक्त खातं, "दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो" असं. मी एक तारखेला त्यात ठरलेली रक्कम टाकायची, आईची पेन्शन आणि व्याज त्यातच. बहिणीने तिच्या खिशातून एक रुपया घालायचा नाही, कारण ती वेळ घालतेय. हिशोब विचारायचा नाही असं मी माझ्यावरच बंधन घातलं.

बाबा सही करू शकत असतील, अंगठा देऊ शकत असतील तोवर बँकेत जाऊन हे करा. बँका खात्यासाठी घरी माणूस पाठवतात. पॉवर ऑफ ॲटर्नीवर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे ती संपते, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला तिची गरज असते. डिमेन्शियावाल्यांनी हे आधी वाचावं.

ओवी (बुधवार, रात्री १०.२०)

हातात रोकड नाही पण राहता फ्लॅट आहे अशांनी बँकेत रिव्हर्स मॉर्गेजची (राहतं घर तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाची) चौकशी करावी. ६० च्या पुढच्यांना मिळतं, घर आपल्या नावावर राहतं, राहायलाही आपणच, बँक दरमहा पैसे देते आणि त्यावर आयकर नाही. वारसांना मात्र आधी सांगा, नाहीतर दिवसवारे संपायच्या आत भांडणं. ठेवी मोडून खर्च करण्याआधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना बघा. २०२३ पासून एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज तिमाहीला हातात येतं. आई-बाबा दोघांच्या नावावर वेगवेगळी ठेवली तर रक्कम दुप्पट.

आणि मुलं देतच नसतील, तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज, वकील लागत नाही, महिन्याला १० हजारांपर्यंत आदेश होऊ शकतो. कलम २३ जास्त कामाचं आहे: सांभाळायच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्या.

सदाफुली (गुरुवार, सकाळी ७.४५)

साहित्य विकत घेऊ नका हो लगेच! फाउलर बेड (पाठ-पाय वर-खाली करता येणारा हॉस्पिटलसारखा पलंग), व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर, सगळं जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं. ज्येष्ठ नागरिक संघांकडेही असतं, आपल्या भागातल्या संघात विचारा. आमच्या संघात तीन व्हीलचेअर धूळ खात पडल्या आहेत.

कॅन्सरचा पेशंट असेल तर वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर. तिथे १९९७ पासून मोफत सेवा आहे, त्यांची माणसं घरी येऊनही बघतात. पार्किन्सन्स असेल तर पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ. तिथे शुभार्थी (पेशंट) आणि शुभंकर (त्यांना सांभाळणारे), दोघांनाही आपल्यासारखी माणसं भेटतात. आणि कोणाला सल्ला हवा, कोणी छळ करतंय, तर १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन.

माधुरी_औंध (गुरुवार, सकाळी १०.०५)

सुरक्षेबद्दल कोणीच बोलत नाही. माणूस घरात घेण्याआधी आधार कार्डाची प्रत, फोटो, गावाकडचा पत्ता, गावातल्या एका नातेवाइकाचा नंबर घ्या, आणि पोलिसांकडे घरगुती नोकराची माहिती द्या. ब्युरो "आम्ही केलंय" म्हणतो. कागद दाखवा म्हणा. आईच्या पाटल्या बँकेत. संशयाने नाही, उद्या काही हरवलं तर त्या बाईवर आळ येऊ नये म्हणून.

वारजेची_मावशी (गुरुवार, दुपारी २.२०)

हे ताईंचं पटलं. पाकीट आणि दागिने समोर ठेवू नका. आम्हालाच भीती असते.

पोलिसांचा कागद भरला तर आम्हाला पण बरं. आणि ५० वर्षांच्या पुढच्या बायका असतील तर त्यांची घरेलू कामगार मंडळात नोंद आहे का विचारा. ६० पर्यंतच करता येते. आमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक नाही. तुमच्या सोसायटीतला कोणी सेक्रेटरी फॉर्म भरून देईल तर मोठं काम होईल.

रानजाई (तीन-चार आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००)

उशिरा लिहितेय, सवडच मिळाली नाही.

काउंटरवरच्या कार्डवाल्याला नाही म्हटलं. इथून संदेशात आलेल्या नावांपैकी एका छोट्या ब्युरोतून दिवसाचे दादा मिळाले, सकाळी आठ ते रात्री आठ. लातूरकडचे आहेत, आधी एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, हातात किती पडतात? ते आधी दचकले, मग सांगितलं. ७५० मधले ६०० त्यांना. ठीक वाटलं. रात्री मावशी, त्या ब्युरोच्या नाहीत, आईच्या भजनी मंडळातल्या बाईंच्या ओळखीने परस्पर ठरवल्या.

दोघांचे मिळून महिन्याला ४२ हजारांच्या आसपास जातात. डायपर, फीडची पावडर, फिजिओ, सिस्टरची व्हिजिट धरली तर साठाच्या पुढे. भाऊ पहिल्या तारखेला खात्यात टाकतो. टोरांटोवाल्यांची पोस्ट त्याला पाठवली होती, एक शब्द बोलला नाही, रक्कम मात्र वाढवली. आणि वजाबाकी, २० टक्के जादा पेन्शन खरोखरच लागलेली नव्हती. बँकेत अर्ज दिलाय.

भिंतीवर एक वही टांगली आहे. वेळ, कूस डावी की उजवी, किती मिली भरवलं, लघवी किती, बीपी. दादा रात्री आठला मावशींना वही वाचून दाखवतात आणि मगच निघतात. हे त्यांनीच सुरू केलं. मागच्या आठवड्यात लघवी कमी आणि गढूळ अशी दोन पाळ्यांत नोंद दिसली, डॉक्टरांना फोटो पाठवला, इन्फेक्शन निघालं, घरच्या घरी निभावलं.

बाबांना दोघंही "साहेब" म्हणतात. कारखान्यात म्हणायचे तसं. हे मी सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं.

स्पीच थेरपिस्टनी गिळण्याची तपासणी केली. पातळ पदार्थ दाटसर करून चमच्याने सुरू करा म्हणाल्या, नळी अजून आहे.

फिजिओ_बिबवेवाडी (रविवार, दुपारी १२.१०)

छान चाललंय. चमचा सुरू केला की मान किंचित खाली, हनुवटी छातीकडे. वर बघत गिळायला देऊ नका. आणि नळी आहे म्हणून चमच्याची घाई नको.

निख्या_हडपसर (रविवार, दुपारी १२.४५)

दिवाळीचं आत्ताच बोलून ठेवा. दादा लातूरचे आहेत म्हणजे वसुबारसेला गाडी पकडणारच, आणि पकडूच द्या. सणात ब्युरोकडे बदलीला माणूस नसतो, असला तर दुप्पट दर. गौरी-गणपतीतही तेच. आम्ही आईच्या वेळी दादांना दिवाळी बोनस एक पगार द्यायचो आणि त्यांच्याच गाववाल्याला त्या आठवड्यापुरता आधीच सांगून ठेवायचो. तो दोन दिवस आधी येऊन काम बघून जायचा, त्या दोन दिवसांचेही पैसे द्यायचे.

रानजाई (रविवार, दुपारी १.३०)

हे डोक्यातच नव्हतं. आज संध्याकाळीच विचारते.

निगडीकर_नवा (रविवार, रात्री ८.१५)

याच धाग्यावर विचारतो. आईला अल्झायमर, चालती-फिरती आहे, पण संध्याकाळ झाली की "घरी जायचंय" म्हणून दार उघडून निघते. निगडी प्राधिकरणात कोणी मिळेल का?

पेठकर (रविवार, रात्री ८.३०)

नवीन धागा काढा, इथे बुडून जाईल. शीर्षकात भाग आणि तास लिहा. आत वजन, चालतात की नाही, रात्री किती वेळा उठतात आणि तुमचं बजेट लिहा. बजेट लिहायला पुणेकर लाजतात, मग लोक सल्ले देत बसतात आणि ब्युरो कोणी सांगत नाही. आणि तोवर दाराला आतून वरच्या बाजूला, आईचा हात पोचणार नाही अशी कडी आजच बसवा. आई घरात एकटी असताना मात्र ती लावून जाऊ नका.